आठ चुलींचं कोयनेल

आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की आधी देवाचे आभार मानतात. मी कुणाचे मानायचे हे अजून ठरलेलं नाही, म्हणून ते राहू दे. ज्याच्या घरात हिवताप आहे त्यानं माझं एवढंच ऐकलं तरी पुरे: ताप उतरला म्हणून कोयनेल थांबवू नका. डॉक्टरनं जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या. बाकीचं वाचायला सवड असेल तर वाचा. नसेल तर चुलीवर पेज ठेवा, आजारी माणसाला तिची गरज जास्त असते.

पेटी आणि पुड्या

मी मूळची खानापूरकडची. वडील शाळामास्तर, त्यामुळे लिहायवाचायला शिकले, आणि लग्नही शाळामास्तराशीच झालं. यांची बदली सुपा पेठेत, नंदिगड्ड्याच्या अलीकडच्या एका वाडीवर झाली तेव्हा माहेरच्यांनी अशी तोंडं केली की मला सरणावरच चढवताहेत. तापाचा मुलूख, म्हणाले. सरकारी माणसंसुद्धा तापाचे महिने आले की बिऱ्हाड आवरून हल्याळला जायची. शाळामास्तरानं कुठं जायचं? आम्ही राहिलो.

वाडी सात चुलींची, सगळे कुणबी. भात पिकवायचं आणि उरलेले दिवस जंगलाच्या कामावर जायचं. आठवी चूल आमची. शाळा आमच्याच ओसरीवर भरायची आणि टपालही तिथंच, कारण खेड्यात मास्तर तोच पोस्टमास्तर. खांबाला लाल पेटी टांगलेली. दर गुरुवारी हरकारा घुंगरांची काठी वाजवत यायचा, दोन-चार पत्रं आणि कोयनेलच्या पुड्या देऊन जायचा. गरिबालाही औषध मिळावं म्हणून सरकारनं पैशाला एक पुडी टपालात विकायची असं ठरवलं होतं. चांगलंच ठरवलं होतं. पुडीच्या कागदावर ती कशी घ्यायची तेही बारीक अक्षरात छापलेलं असायचं. वाडीत वाचता येणारे आम्ही दोघं, आणि आम्हीही ते कधी वाचलं नाही.

लोक हिव भरलं की एक पुडी न्यायचे, अंग थंड झालं की विसरायचे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा कुडकुडायचे. मग बुधवंत ओसरीवर बसून म्हणायचा, "सरकारचं औशद सरकारी मानसावानीच हाय मास्तर. येतंय, बसतंय, जातंय. काम व्हत न्हाई." बुधवंत म्हणजे वाडीतला निवाडा करणारा, मानाचा माणूस. नाव बाबू गावडा. पुढं पुढं लोकांनी पुड्या न्यायचं सोडलं, आणि खप नाही म्हणून वरून यायच्या त्याही आटल्या.

मला पहिलं हिव श्रावणात भरलं. चार कांबळी अंगावर घातली, पाचवी म्हणून कुणी जातं ठेवलं असतं तरी मी नको म्हटलं नसतं. औषध घरातच होतं, त्यामुळे मला वाटलं, आपल्याला कसली भीती? एक पुडी घेतली, बरं वाटलं, भांडी घासायला गेले. असं चारदा झालं. पाचव्यांदा घरातल्या पुड्या संपल्या होत्या, आणि भाद्रपदात मी उभी राहिले की डोळ्यांपुढं अंधारी यायची. पोट डाव्या बाजूनं कडक झालं होतं. बुधवंताची बायको जानकीअक्का रोज किराईताचा काढा आणायची आणि मी तो पिते की नाही ते बघत उंबऱ्यात बसायची. ती मला अहोजाहो करायची, कारण मी मास्तरीण.

एक दिवस तिनं माझं पोट दाबून बघितलं आणि यांना म्हणाली, "मास्तर, ह्या आता माज्या काढ्यानं ऱ्हात न्हाईत. न्या."

निळी रेघ

कांबळ्याची झोळी करून ती वेळूच्या दांड्याला बांधली आणि चौघांनी मला सुप्याला नेलं. दीड दिवसाची वाट. दांड्याचं एक टोक एकट्या बुधवंताच्याच खांद्यावर होतं असं म्हटलं तरी चालेल, कारण जोडीत उंच तोच, सगळा भार त्याच्यावर यायचा. मी झोळीतून बघत होते ते सागाच्या पानांच्या खालच्या बाजू. त्या पांढुरक्या असतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

दवाखान्यात खाटा दोन आणि दोन्हींवर माणसं, म्हणून मला पडवीत चटई मिळाली. आठ दिवस होते. सकाळी घंटा व्हायची, मग कंपाउंडर भांडं घेऊन ओळीनं यायचा आणि सगळ्यांना 'आ' करायला लावून कडू पाणी ओतायचा. दुपारी पेज. चार वाजता डॉक्टर. संध्याकाळी ज्याचे नातेवाईक बरोबर होते त्यांच्या चुली आवारात पेटायच्या आणि धूर पडवीत भरायचा. शेजारच्या चटईवर कारवारकडची एक म्हातारी होती, तिला वाटायचं की आपण लग्नाला आलोय. ती मला सारखी विचारायची, "जेवणावळ कवा उठायची गो?" मीही सांगायचे, दुसरी पंगत बसलीय. आम्हा दोघींचा वेळ बरा जायचा.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी पोट तपासायचं म्हटलं तेव्हा मी पदर घट्ट धरला. परका पुरुष, आणि पोट. हे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. डॉक्टर वैतागले नाहीत, थांबले. मग बोटांनी चाचपत गेले आणि खिशातली निळी पेन्सिल काढून माझ्या पोटावर, बेंबीच्या अलीकडं, एक रेघ ओढली. म्हणाले, "तापानं पाणथरी सुजून इथवर आलीय. बरगडीच्या आत असायला हवी." मग यांना विचारलं, "औषध काय घेत होत्या?"

यांनी सांगितलं. घरात टपाल, टपालात कोयनेल, लागेल तशी पुडी.

"म्हणजे तुम्ही हा ताप अर्धा मारून मारून पाळलाय," डॉक्टर म्हणाले. "आवाज न चढवता सांगतो, नीट ऐका. अजून दोन-तीनदा असंच झालं तर पुढचा पावसाळा या बघणार नाहीत."

हे माझ्यादेखत बोलले. मला राग आला, भीती नंतर आली. माणूस समोर जिवंत पडलेला असताना 'या बघणार नाहीत' कसं म्हणायचं? पण ते खरं होतं. आठव्या दिवशी ताप नव्हता, चटई कुणाला तरी हवी होती, पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरांनी बारा पुड्या मोजून दिल्या. रोज एक, एकही दिवस न चुकवता, ताप नसला तरी. माझ्याकडं महिनाभर याहून जास्त निघणार नाही, म्हणाले.

यांना टपालाच्या कामासाठी सुप्यात चार-पाच दिवस थांबायचं होतं. म्हणून मी, बारा पुड्या आणि ते चौघे, असे पुढं निघालो.

वाटे

आता जे सांगते त्याला हसायचं असेल तर हसा. हे सुद्धा नंतर हसले, पण फार नंतर.

आमच्या वाडीत एक रीत होती. रानात डुक्कर पडलं की ते अंगणात आणायचं आणि चुलीगणिक वाटे घालायचे. ज्यानं मारलं त्याला मुंडकं जास्त, बाकी सगळ्यांना सारखं. आजारी, म्हातारी, जी बाई शिकारीला गेलीच नाही, तिच्याही चुलीचा वाटा. वाटणारा आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलतो. वाटे चालू असताना वाटसरू आला तर त्यालाही. आम्ही वाडीत आलो त्याच महिन्यात आमच्या उंबऱ्यावर सागाच्या पानात एक वाटा आला होता. मी घाबरून विचारलं होतं, याचं काय द्यायचं? जानकीअक्का म्हणाली होती, "चूल पेटली न्हवं? मग वाटा आला." वर्षभर आम्ही तो घेतला. मध, कणगांचे कंद, खेकडे, सगळ्यांत आमचा वाटा.

आणि आता मी अंगणात झोळीतून उतरले, सगळी वाडी जमली, आणि माझ्या कमरेला बारा पुड्यांची पुरचुंडी. सातही चुलींत एकेक तरी माणूस तापानं पडलेलं. कुणी काही मागितलं नाही. मागायची रीतच नाही. सगळे फक्त बघत होते, आणि मग कुणीतरी न सांगता सागाची पानं आणली.

मीच पुरचुंडी सोडली. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली असं म्हणणार नाही. बारा पुड्या, आठ चुली, दर चुलीला दीड. अर्धी पुडी करायला जानकीअक्कानं पात्याच्या टोकानं भुकटीच्या मधोमध रेघ मारली, सराफ काय मारेल अशी. माझा दीड पुडीचा वाटा तिनं माझ्या हातावर ठेवला आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! वर्षभराचं खाल्लेलं पचलं असं वाटलं.

चार दिवसांत सगळ्या वाडीचा ताप उतरला. एकदम. बायकांनी टपालपेटीला हळदकुंकू लावलं, एकीनं नारळ वाढवला. हे सुप्याहून आले ते पेटीच्या पायाशी नारळाची करवंटी बघून थबकले.

"पुड्या किती राहिल्या?" आत येऊन विचारलं.

मी सांगितलं.

एरवी यांचा आवाज शाळेतही चढायचा नाही. त्या दिवशी पोरं ओसरीवरून पळाली. "अगं, ते डुकराचं मांस होतं का? वाटून खायला?"

"मग वर्षभर कशाला खाल्लंत?" मी म्हटलं.

"मेलीस तर काय करू मी? सांग ना! काय करू?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती, हे असं कधी बोलले नव्हते. मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. हे पेज करून माझ्यापुढं ठेवायचे आणि पाठ करून बसायचे.

नवव्या-दहाव्या दिवशी ताप परत आला. एकाला नाही, सगळ्यांना. दीड-दीड पुडीनं कुणाचंच काही झालं नव्हतं. माझा असा आला की मला दोन दिवसांचं काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा निळी रेघ पुसट झाली होती, आणि यांनी बोट लावून बघितलं तर पाणथरी तिच्या पुढं गेली होती.

बैल

यांनी वर पत्र लिहिलं होतं, पुड्या जास्त पाठवा म्हणून. उत्तर आलं: तुमच्या टपालात खप नाही, म्हणून पुरवठा कमी केला आहे. तरी आठवड्याला बारा पुड्या पाठवू. खपल्यास वाढवण्याचा विचार करू.

हे पत्र यांनी अंगणात सगळ्यांना वाचून दाखवलं. मीही होते, भिंतीला टेकून, दोन कांबळ्यांत. डॉक्टरांचं बारा दिवसांचं बोलणं मी सांगितलं. माझा आवाज इतका बारीक झाला होता की जानकीअक्का माझं वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हणायची.

बुधवंत म्हणाला, "बारा हायत, आट चुली. रीत हाय ती हाय."

"रीत करून बगितली न्हवं?" जानकीअक्का म्हणाली. "डुक्कर वाटायाचं, मान्य. पन बैल कवा वाटला काय आपुन? एकाला तंगडी, एकाला शिंग? बैल आख्खाच एकाच्या दावनीला जातोय. त्येचं नांगरून झालं की दुसऱ्याच्या. ह्ये औशद बैलावानी हाय. आख्खं एकाला द्या. मग दुसऱ्याला."

"आनि शेवटल्याचं रान तवर वाळलं तर?"

"तर वाळंल," ती म्हणाली. "आत्ता तर समद्यांचंच वाळतंय."

मग ठरलं: दर गुरुवारच्या बारा पुड्या एका चुलीला. त्या चुलीत जो सगळ्यांत खचलेला, त्यालाच. त्यानं मध्ये थांबायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. आठ आठवडे, आठ चुली.

पहिली पाळी कुणाची, यावर मी मान खाली घातली. मला हवी होती. इतकी हवी होती की मला वर बघवेना. जानकीअक्कानं माझं नाव घेतलं, आणि लोकांना वाटेल प्रेमानं घेतलं. कारण तिनं सांगितलं ते असं: "ह्या मेल्या तर मास्तर ऱ्हानार न्हाई. मास्तर गेला की पेटी गेली. पेटी गेली की पुड्या गेल्या. म्हनून आदी ह्यांना." सगळ्यांनी माना हलवल्या. मी जगावं यासाठी एवढा स्वच्छ हिशेब कुणी मांडला नसेल, पण मला तो आवडला. दयेपेक्षा बरा.

शेवटची पाळी कुणाची हे विचारायची गरज नव्हती. वाटणारी ती, तिची चूल शेवटी.

बारा दिवस

रोज सकाळी जानकीअक्का यायची, भाताच्या गोळीत पुडी घालून माझ्या जिभेवर ठेवायची आणि माझं नरडं हलेपर्यंत बघत राहायची. पाचव्या दिवशी ताप गेला. सहाव्या दिवसापासून कानात मधमाश्यांचं पोळं बसलं, बाहेरचं काही ऐकू येईना. खाल्लेलं वर यायचं. सातव्या दिवशी मी तिच्या हातावर फटका मारला आणि गोळी चुलीजवळ जाऊन पडली.

ती उठली, गोळी उचलली, राख झटकली आणि परत आली. मोठ्यानं ओरडली, कारण मला ऐकू येत नव्हतं: "गीळ गे! तुज्या एकलीचं हाय काय त्ये?"

त्या दिवसापासून ती मला अगंतुगं करायला लागली. मला ते इतकं बरं वाटलं की मी गोळी गिळली.

दहाव्या दिवशी ती उशिरा आली. येऊन आत न येता अंगणात उन्हाला बसली, गुडघे छातीशी धरून. मी आतून बघत होते. मला वाटलं, दमली असेल, कापणी तोंडावर आलीय. थोड्या वेळानं उठून आली आणि रोजच्यासारखी गोळी दिली. तिचे दात वाजत असतील तर मला ते ऐकू येणार नव्हते. पण डोळे तर होते ना मला? त्याचा मला अजून राग येतो.

बाराव्या दिवसानंतर मला भूक लागली. मी यांच्या ताटातलंही खाल्लं. हे हसले आणि मग तोंड धुवायच्या निमित्तानं मागच्या दारी जाऊन उभे राहिले.

पाळ्या

मी उठले तशी गोळ्या गिळवायचं काम जानकीअक्काकडून माझ्याकडं आलं. कठीण काम. ताप असताना माणूस विष दिलं तरी घेतो. ताप उतरल्यावर औषध द्यायला गेलं की म्हणतो, मला काय झालंय? चौथ्या चुलीचा तुकोआज्जा जिभेखाली गोळी धरायचा आणि मी वळले की भिंतीच्या भोकात खुपसायचा. तीन दिवसांनी सापडल्या तेव्हा मुंग्यांनी भात खाल्ला होता आणि कोयनेल ठेवलं होतं. मी त्याला इतकं बोलले की त्याची सून मध्ये पडली. मग तो म्हणाला, "बाय, तू मास्तरापरीस वाईट हायस." आणि आणखी तीन दिवस घेतलं, पहिल्यांदा हुकलेले भरून काढायला. यासाठी पुढच्या चुलीची पाळी तीन दिवस मागं सरकली. कुणी कुरकुरलं नाही.

एकेक माणूस उठत गेला. आखडून बसलेली माणसं कापणीला उभी राहिली. दर आठवड्याला बाराच्या बारा पुड्या खपल्या असं हे लिहीत गेले, आणि कार्तिकाच्या शेवटी वरून कळवलं की पुढच्या खेपेपासून दुप्पट येतील. पुढं वरच्या साहेबांचं एक शाबासकीचं पत्रही आलं, एवढ्याशा टपालात एवढा खप कसा म्हणून. यांनी ते मला वाचून दाखवलं नाही. पेटाऱ्यात सापडलं तेव्हा मला ते चुलीत घालावंसं वाटलं, घातलं नाही.

त्या खपाच्या काळातच जानकीअक्का सुकत चालली होती. आता मला दिसत होतं. पाच चुली झाल्या होत्या. मी तिला म्हटलं, "अक्का, सहावी तुझी घेऊ. कुणी नाही म्हणणार नाही."

"कोन न्हाई म्हननार न्हाई, ठाव हाय," ती म्हणाली. "पन वाटनारानं आदी उचललं तर पुडच्या खेपंला कोन वाटू देईल मला? आनि सावीत ल्हान पोरीची आई हाय."

"मग सातवी."

"सातवीत देवकी. तिला बग, किती पिवळी पडलीय." मग हसली. "जा गे, भात करपंल तुजा."

मी गेले. भात खरोखरच चुलीवर होता. मी हट्ट धरायला हवा होता, पाय धरायला हवे होते, यांना सांगून एक पुडी चोरून तिच्या पेजेत घालायला हवी होती. ते काहीच मी केलं नाही. रीतीचा मान ठेवला असं नंतर लोक म्हणाले. खरं म्हणजे मला बरं वाटत होतं, भूक लागत होती, आणि बरं होत असलेलं माणूस फार आपमतलबी असतं. हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

हरकाऱ्यालाही एक गुरुवार ताप आला आणि तो आला नाही. कुणाचा दोष? कुणाचा नाही. तो पुढच्या बुधवारी, एक दिवस आधी, धापा टाकत आला, दुप्पट पुड्या घेऊन. जानकीअक्का मंगळवारी गेली होती. सकाळी थंडी भरली, दुपारी बोलायची थांबली. मी तिचे पाय चोळत होते. तिचं पोट मी तेव्हा पहिल्यांदा दाबून बघितलं. पाणथरी माझ्यापेक्षा खाली आली होती, किती तरी.

आठवी चूल

बुधवंतालाही ताप होता, हे तेव्हा बाहेर आलं. बायको असेतो त्यानं आपला ताप सांगायला तोंड उघडलं नव्हतं. दहाव्याच्या आदल्या दिवशी मी पुड्या घेऊन त्याच्या दारात गेले. तो म्हणाला, "जिची पाळी व्हती ती गेली. ह्या आता कुनाला द्यायच्या त्या द्या."

"पाळी माणसाची नव्हती," मी म्हटलं. "चुलीची होती. तुमची चूल पेटलीय ना?"

मी आत गेले, भाताची गोळी केली, त्याच्या जिभेवर ठेवली आणि त्याचं नरडं हलेपर्यंत बघत उभी राहिले. एवढा मोठा माणूस, कुडात, वाडीच्या बैठकीत, निवाडा करणारा, माझ्यापुढं तोंड उघडून बसायचा. रोज. एकदाही त्यानं नाही म्हटलं नाही. सहाव्या दिवसापासून त्यालाही ऐकू येईनासं झालं, मग आम्ही न बोलताच काम करायचो. माझी गोळी जरा मोठी व्हायची, तो बोटानं दाखवायचा, लहान कर.

बाराव्या दिवशी त्यानं शेवटची गिळली, वर पाणी प्यायला आणि तोंड पुसलं.

"आता फुडली पाळी कुनाची?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

मी बोटं मोजून दाखवली. आठ. मग हात हलवला, संपलं म्हणून.

"म्हंजे समद्यांना मिळालं म्हना की."

तो माझ्या तोंडाकडं बघत होता, मी काय म्हणते ते ओठांवरून कळावं म्हणून. मला हो म्हणता आलं नाही.